पोरस पॉलिमरवरच्या एन्झाइम बायोसेन्सरची सेन्सिटिव्हिटी कशी वाढवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न मला फिरून फिरून येतात, बहुतेक पहिल्यांदाच सेन्सर बनवणाऱ्यांचे. उदाहरणं जास्त करून ग्लुकोज ऑक्सिडेजची (ग्लुकोजवर काम करणारं एन्झाइम) घेतलीयत कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त काम झालंय, पण लॅक्टेट ऑक्सिडेज, कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज वगैरे वापरत असाल तरी बराचसा हिशोब तोच लागतो. जिथे लागत नाही तिथे वेगळं सांगितलंय (शेवटचे दोन प्रश्न).

१. सेन्सिटिव्हिटी म्हणजे सेन्सर किती कमी ग्लुकोज ओळखतो तेच ना?

नाही, आणि हा घोळ पहिल्यांदा मिटवा नाहीतर पुढचं सगळं चुकीच्या दिशेनं जातं. सेन्सिटिव्हिटी म्हणजे कॅलिब्रेशन कर्व्हच्या (ग्लुकोजविरुद्ध करंटचा आलेख) सरळ भागाचा चढ. ग्लुकोज १ मिलीमोलरनं वाढवलं की करंट किती वाढला, भागिले इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ, म्हणून एकक येतं मायक्रोअँपियर प्रति मिलीमोलर प्रति चौरस सेंटीमीटर. तुम्ही म्हणताय ती लिमिट ऑफ डिटेक्शन, आणि ती काढताना कोऱ्या बफरच्या रीडिंगचं स्टँडर्ड डेव्हिएशन घेऊन त्याची तिप्पट करतात आणि चढानं भागतात. म्हणजे चढ दुप्पट झाला आणि सोबत नॉइजही दुप्पट झाला तर लिमिट जिथल्या तिथेच. पोरस फिल्ममध्ये हे अगदी नेहमी होतं, त्याचं प्रश्न ११ मध्ये.

२. मग पोरस पॉलिमर कशाला? सपाट इलेक्ट्रोडवर एन्झाइम चिकटवलं तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, जागा पुरत नाही. साधा हिशोब करून बघा. ग्लुकोज ऑक्सिडेजचा रेणू साधारण ६ × ५ × ८ नॅनोमीटरचा, वजन १६० किलोडाल्टनच्या आसपास. एकेक रेणू शेजारी शेजारी खेटून बसवला तरी १ चौरस सेंटीमीटरवर जेमतेम अर्धा मायक्रोग्रॅम बसतो, त्यातले बरेचसे आडवेतिडवे बसणार, काही मरणार. आता समजा पॉलिमरचं पृष्ठफळ १०० चौरस मीटर प्रति ग्रॅम आहे, तर १ मिलिग्रॅम फिल्ममध्ये तुम्हाला १००० चौरस सेंटीमीटर जागा मिळाली. कागदावर हजारपट! प्रत्यक्षात एवढं कधीच मिळत नाही, का मिळत नाही ते प्रश्न ४ मध्ये, पण दहा-वीसपट मिळालं तरी फरक जाणवतोच.

दुसरा फायदा असा की छिद्राच्या आत एन्झाइमला आधार मिळतो, उलगडून खराब व्हायला आजूबाजूला जागा कमी असते, म्हणून टिकतंही जास्त. एन्झाइम पॉलिमरात अडकवायची कल्पना काही नवी नाही. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना मांडली, तेव्हा एन्झाइम दोन पडद्यांच्या मध्ये धरलेलं होतं. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी ते पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड जेलमध्ये अडकवून ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर बसवलं. आपण आजही तेच करतोय, फक्त जाळी जास्त विचारपूर्वक विणतोय.

३. मी एन्झाइम दुप्पट केलं, चौपट केलं, तरी सिग्नल जवळपास तेवढाच. कुठे चुकतंय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि पानभर उत्तरं वाचायला वेळ नसेल तर हे एवढं तरी वाचा. सिग्नल तयार होताना चार गोष्टी एकामागून एक घडतात: ग्लुकोज बाहेरच्या द्रावणातून फिल्मपर्यंत येतं, फिल्मच्या आत झिरपतं, एन्झाइम ऑक्सिजन वापरून त्याच्यावर काम करतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, आणि ते पेरॉक्साइड इलेक्ट्रोडपर्यंत पोचून करंट देतं. यातलं जे सगळ्यात हळू, तेच तुमचा सिग्नल ठरवतं. बाकीच्या तिन्हींवर कितीही मेहनत घ्या, फुकट. अडलंय कुठे ते शोधल्याशिवाय एन्झाइम ओतत बसणं म्हणजे एन्झाइमही वाया आणि महिनाही वाया.

शोधायला तीन चाचण्या पुरतात, एका दुपारी होतात. पहिली, ग्लुकोजऐवजी थेट हायड्रोजन पेरॉक्साइड द्या आणि त्याचा चढ काढा. पेरॉक्साइडचाच चढ कमी असेल तर एन्झाइमचा काही दोष नाही, इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग मळलाय किंवा फिल्मनं तो नीट झाकून टाकलाय. पेरॉक्साइडचा चढ दणदणीत आणि ग्लुकोजचा त्याच्या शंभराव्या भागाएवढा, तर मग गडबड फिल्मच्या आत आहे. दुसरी, ढवळण्याचा वेग दुप्पट करा. करंट वाढला तर फिल्मबाहेरचा द्रवाचा पातळ थर तुम्हाला अडवतोय, आणि ढवळायचा वेग पक्का ठरवल्याशिवाय तुमच्या कुठल्याच दोन रीडिंगची तुलना करता येणार नाही. तिसरी माझी आवडती: अर्धंच एन्झाइम घालून दुसरा इलेक्ट्रोड बनवा. चढ बरोबर अर्धा झाला तर एन्झाइम खरोखर कमी पडतंय, वाढवा. चढ जवळपास तसाच राहिला तर तुमची फिल्म डिफ्यूजनवर (रेणूंच्या झिरपण्यावर) अडलीये, आत एन्झाइम भरपूर आहे पण खोलवरच्या एन्झाइमपर्यंत ग्लुकोज पोचतच नाहीये, वरच्या थरातच संपतंय.

याच गोष्टीचा आकडा काढायचा तर थीले मॉड्युलस काढतात: फिल्मची जाडी गुणिले एका भागाकाराचं वर्गमूळ, ज्यात वर एन्झाइमचा कमाल वेग आणि खाली केएम (ज्या ग्लुकोजला एन्झाइम निम्म्या कमाल वेगानं चालतं ते प्रमाण) गुणिले फिल्ममधला डिफ्यूजन कोइफिशंट (किती भराभर झिरपतं ते सांगणारा आकडा). आकडा १ पेक्षा बराच कमी आला तर एन्झाइम वाढवून फायदा, १ पेक्षा बराच जास्त आला तर जाडी आणि छिद्रं बघा. सूत्रात जाडी वर्गमुळाच्या बाहेर आहे आणि एन्झाइम आत, हे नजरेत ठेवा. म्हणजे एन्झाइम चौपट केल्यानं जेवढा आकडा हलतो तेवढा जाडी नुसती दुप्पट केल्यानं हलतो.

४. छिद्रं किती मोठी हवीत? आमच्या पॉलिमरचं बीईटी पृष्ठफळ खूप जास्त आलंय तरी एन्झाइम बसत नाही.

बीईटी म्हणजे पृष्ठभागावर वायू किती चिकटतो त्यावरून काढलेलं पृष्ठफळ, ते नायट्रोजनच्या रेणूनं मोजतात आणि तो रेणू असतो ०.३६ नॅनोमीटरचा. तुमचं एन्झाइम त्याच्या वीसपट. नायट्रोजन ज्या फटीत आरामात शिरतो तिच्या दारातसुद्धा एन्झाइम उभं राहू शकत नाही. २ नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रांना मायक्रोपोअर म्हणतात, २ ते ५० मेसोपोअर, त्याच्यावर मॅक्रोपोअर, आणि जास्त बीईटीवाल्या पॉलिमरात बहुतेक पृष्ठफळ मायक्रोपोअरचंच असतं. एन्झाइमच्या दृष्टीनं ती भिंत आहे, छिद्र नाही.

माझ्या मते ग्लुकोज ऑक्सिडेजएवढ्या एन्झाइमसाठी २० ते ५० नॅनोमीटरची छिद्रं ही चांगली सुरुवात. १० नॅनोमीटरची छिद्रं ऐकायला बरोबर वाटतात, पण पहिला रेणू तोंडाशीच चिकटला की मागच्यांचा रस्ता बंद, आणि आतली सगळी जागा रिकामी राहते. उलट छिद्रं काही मायक्रोमीटरची केली तर वाहतूक मोकळी पण पृष्ठफळ पार घसरतं. म्हणून दोन मापांची छिद्रं एकत्र असलेली फिल्म सगळ्यात उत्तम चालते, मोठी छिद्रं हमरस्त्यासारखी आणि त्यांच्या भिंतीत एन्झाइमच्या मुक्कामासाठी लहान छिद्रं.

आणि किती बसलं ते गृहीत धरू नका. फिल्म बुडवायच्या आधी आणि नंतर द्रावणातलं प्रोटीन ब्रॅडफर्डनं मोजा (प्रोटीनची रंगाची चाचणी, ५९५ नॅनोमीटरला), धुतलेलं पाणीही मोजा, वजाबाकीत बसलेलं कळतं. पण बसलेलं सगळं जिवंत असतं असं नाही, म्हणून अ‍ॅक्टिव्हिटी वेगळी मोजावी लागते.

५. फिल्म किती जाड ठेवू?

वाटतं त्यापेक्षा पातळ. ग्लुकोजला एखादी जाडी पार करायला लागणारा वेळ हा जाडीचा वर्ग भागिले डिफ्यूजन कोइफिशंट असा धरा. पाण्यात ग्लुकोजचा कोइफिशंट सुमारे ६.७ × १०⁻¹⁰ चौरस मीटर प्रति सेकंद. त्या हिशोबानं १० मायक्रोमीटर जाडीला ०.१५ सेकंद, १०० मायक्रोमीटरला १५ सेकंद, आणि १ मिलीमीटरला तब्बल २५ मिनिटं. हे मोकळ्या पाण्याचं झालं, पॉलिमरच्या वाकड्यातिकड्या वाटांमधून याच्या काहीपट वेळ धरा.

मी सुरुवातीला ड्रॉपरनं थेंब टाकून फिल्म बनवायचो, तेव्हा मध्ये पातळ आणि कडेला जाड अशी कडी उमटायची, आणि रिस्पॉन्स असा यायचा की आधी एक झटकन उडी आणि मग पाच मिनिटं हळूहळू चढतच राहायचा. पहिली उडी मधल्या पातळ भागाची, रेंगाळणारा चढ कडेच्या जाड कडीचा. स्पिन कोटिंग केल्यावर ते शेपूट गेलं. तुमचा करंट पायरीसारखा चढून सपाट न होता रांगत असेल तर आधी फिल्मची कड लेन्सखाली बघा.

६. छिद्रं पाडायची कुठली पद्धत चांगली?

एकच एक चांगली पद्धत नाही, पण एक गोष्ट सगळीकडे तपासायची: छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत का. बंद बुडबुड्यांचं पॉलिमर पोरस दिसतं पण सेन्सरच्या कामाचं नाही.

पोरोजेन (नंतर काढून टाकला की छिद्रं सोडणारा पदार्थ) घालून पॉलिमराइज करणं सगळ्यात सोपं, पोरोजेनचं प्रमाण बदलून छिद्रं बदलता येतात. इमल्शनवाल्या पद्धतीत आतल्या फेजचं (थेंबांचं) प्रमाण ७४ टक्क्यांच्या वर नेतात, मोठमोठ्या पोकळ्या होतात आणि त्यांच्यामध्ये खिडक्या पडतात. इथे पोकळीपेक्षा खिडकीचं माप महत्त्वाचं, कारण वाहतूक खिडकीतून होते. पॉलिस्टायरीनचे मणी रचून त्यांच्या भोवती पॉलिमर वाढवायचा आणि मग मणी टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटनं विरघळवायचे ही पद्धत मापाला सगळ्यात नेमकी, पण सॉल्व्हंटचं काम एन्झाइम घालायच्या आधी पूर्ण करून धुवून घ्यावं लागतं.

मला स्वतःला क्रायोजेल आवडतं. मॉनोमरचं पाण्यातलं द्रावण गोठवायचं, बर्फाचे स्फटिक हेच पोरोजेन, वितळवलं की आपोआप जोडलेली छिद्रं मिळतात. सगळं पाण्यात आणि थंडीत होतं म्हणून एन्झाइमला त्रास कमी. छिद्रं मात्र मोठी येतात, कित्येकदा दहा-वीस मायक्रोमीटरच्या वर, त्यामुळे पृष्ठफळाची अपेक्षा माफक ठेवा.

७. ओली असताना फिल्म छान होती, वाळवली आणि सेन्सिटिव्हिटी गेली. असं का?

छिद्रं मिटली. पाणी वाळताना छिद्रातल्या पाण्याचा पृष्ठताण भिंतींना आत ओढतो, छिद्र जितकं लहान तितकी ओढ जास्त, आणि मऊ पॉलिमरच्या भिंती एकमेकींना चिकटल्या की पुन्हा ओलं करूनही सुटत नाहीत. उपाय सोपा आहे, शक्यतो वाळवूच नका, बफरमध्ये ठेवा. वाळवणं भागच असेल तर आधी पाण्याच्या जागी इथेनॉल आणा (पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलीन्यूटन प्रति मीटर, इथेनॉलचा २२) आणि मग वाळवा, किंवा फ्रीज ड्राय करा. सोय असेल तर सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड, ३१ अंश आणि ७४ बारच्या वर, तिथे पृष्ठताणच उरत नाही. हे सगळं एन्झाइम बसवायच्या आधी.

८. फिल्म पाण्यात टाकली तरी आत पाणीच जात नाही, करंट शून्याजवळ.

हायड्रोफोबिक पॉलिमर असणार, छिद्रांत हवा अडकलीये. फिल्म तिरकी धरून उजेडात बघा, पाण्याखाली तिच्यावर चंदेरी चकाकी दिसली तर ती हवाच. आधी इथेनॉलमध्ये बुडवा, मग निम्मं पाणी निम्मं इथेनॉल, मग बफर, प्रत्येक पायरीला दहा-पंधरा मिनिटं. किंवा बफरमध्ये बुडवून ठेवूनच व्हॅक्यूम द्या, बारीक बुडबुड्यांच्या माळा निघताना दिसतील, त्या थांबेपर्यंत द्या. एन्झाइम त्यानंतर. प्लाझ्मानंही पृष्ठभाग ओला होतो, पण बऱ्याच पॉलिमरांवर तो परिणाम दिवसांगणिक उतरत जातो.

९. एन्झाइम नुसतं शोषवू की ग्लुटाराल्डिहाइडनं बांधू?

नुसतं शोषवलेलं एन्झाइम ताजं असताना सगळ्यात जोमदार असतं आणि सगळ्यात लवकर धुऊन जातं. बांधलेलं टिकतं पण थोडं मंदावतं. ग्लुटाराल्डिहाइड एन्झाइमवरच्या लायसिनचे अमिनो गट पकडतं, आणि जास्त झालं तर एन्झाइमला इतक्या ठिकाणी बांधतं की त्याला काम करायला हलताच येत नाही. फिल्म पिवळसर तपकिरी झाली, हाताला कडक लागली, तर जास्त झालंय असं समजा. सोबत बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) घातलं तर बरेचसे बंध बीएसए अंगावर घेतं आणि एन्झाइम वाचतं. पॉलिमरवर कार्बॉक्सिल गट असतील तर ईडीसी-एनएचएस (कार्बॉक्सिल आणि अमिनो गट जोडणारी रसायनं) वापरा, तो बंध जास्त सौम्य.

चार्जचाही विचार करा. ग्लुकोज ऑक्सिडेजचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला एकूण चार्ज शून्य) ४.२ च्या आसपास, म्हणजे पीएच ७ ला ते निगेटिव्ह. पॉझिटिव्ह पॉलिमर त्याला आपोआप ओढतो, पॉलिइथिलीनइमाइन यासाठी चांगलं. कायटोसान सगळे वापरतात, पण त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मा चार्ज उरतो) ६.५ च्या जवळ आहे, त्यामुळे पीएच ७.४ ला त्याचा बराचसा चार्ज गेलेला असतो, तेव्हा चार्जच्या भरवशावर राहू नका. चार्जवाल्या पॉलिमरात आणखी एक होतं, छिद्राच्या आतला पीएच बाहेरच्यापेक्षा वेगळा असतो आणि एन्झाइमचा सोयीचा पीएच सरकलेला दिसतो: पॉझिटिव्ह पॉलिमरात आम्लाकडे, निगेटिव्हमध्ये अल्कलीकडे. म्हणून मोकळ्या एन्झाइमचा पीएच डोळे झाकून घेऊ नका, फिल्मवर पुन्हा तपासा.

१०. पॉलिमर वीजवाहक असलाच पाहिजे का? आणि वीजवाहक असला की डायरेक्ट इलेक्ट्रॉन ट्रान्सफर (एन्झाइमकडून थेट इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन) मिळतो ना?

पहिल्याचं उत्तर नाही. पेरॉक्साइड मोजत असाल तर ते स्वतःच चालत इलेक्ट्रोडपर्यंत जातं, पॉलिमरनं वीज न्यायची गरज नाही. फक्त जे पेरॉक्साइड इलेक्ट्रोडपासून लांब बनतं त्यातलं बरंच उलट्या दिशेनं बाहेरच्या द्रावणात निघून जातं, म्हणून एन्झाइम फिल्मच्या तळाशी, इलेक्ट्रोडलगत जास्त असेल असं बघा. नुसती ही जागा बदलूनही चढ वाढतो, एन्झाइम तेवढंच ठेवून.

वीजवाहक घेणार असाल तर कुठला ते पाहून घ्या. पॉलिअ‍ॅनिलीन पीएच ४ च्या वर वीज वाहणं जवळपास सोडून देतं, म्हणजे जैविक नमुन्यात साधं पॉलिअ‍ॅनिलीन उपयोगाचं नाही. पॉलिपायरोलमध्ये एन्झाइम छान अडकतं (१९८६ पासून लोक हे करतायत, इलेक्ट्रोपॉलिमरायझेशन चालू असतानाच निगेटिव्ह एन्झाइम आत ओढलं जातं), पण पेरॉक्साइडमुळे आणि जास्त पोटेन्शियलला ते ओव्हरऑक्सिडाइज होतं. न्यूट्रल पीएचला पीडॉट (आणखी एक वीजवाहक पॉलिमर) जास्त भरवशाचं.

दुसऱ्याचं उत्तर जरा नाराज करणारं आहे. ग्लुकोज ऑक्सिडेजचं एफएडी (इलेक्ट्रॉन घेणारा-देणारा भाग) रेणूच्या पोटात, पृष्ठभागापासून नॅनोमीटरहून जास्त खोल आहे. सायक्लिक व्होल्टामोग्राममध्ये (पोटेन्शियल वरखाली करत काढलेला करंटचा आलेख) उणे ०.४५ व्होल्टच्या आसपास सुंदर पीक दिसली की लोक खूश होतात, पण ती बरेचदा एन्झाइममधून सुटून पृष्ठभागावर चिकटलेल्या एफएडीची असते. ग्लुकोज घातल्यावर ऑक्सिजनची पीक कमी झाली हाही पुरावा नाही, कारण एन्झाइमनं नेहमीच्या पद्धतीनं ऑक्सिजन खाल्ला तरी तेच दिसणार. नायट्रोजन देऊन ऑक्सिजन पूर्ण काढा, मग ग्लुकोज घाला, आणि ऑक्सिडेशनचा करंट ग्लुकोजसोबत वाढतो का बघा. वाढला तरच बोला. बहुतेकांना मीडिएटर (एन्झाइमकडून इलेक्ट्रोडपर्यंत इलेक्ट्रॉन नेणारा लहान रेणू) घेणंच सोयीचं पडतं, १९८४ मध्ये फेरोसीननं तेच साधलं.

११. चढ तिप्पट झाला पण लिमिट ऑफ डिटेक्शन हललीच नाही.

वीजवाहक पोरस फिल्मचं हेच दुखणं. पृष्ठफळ वाढलं की कपॅसिटन्सही (चार्ज साठवायची क्षमता) वाढतो, पोटेन्शियल लावल्यावर बॅकग्राउंड करंट बराच वेळ उतरत राहतो, आणि तुम्ही उतरत्या रेषेवर बारीक पायरी शोधत बसता. पोटेन्शियल लावून बेसलाइन सपाट होईपर्यंत थांबा, अर्धा तास लागला तरी चालेल, घाई करून काही मिळत नाही. दुसरं म्हणजे वीजवाहक भाग पातळ ठेवा आणि एन्झाइमची जागा वीज न वाहणाऱ्या पोरस थरात करा. तिसरं, मोजायचं पोटेन्शियल कमी करा, त्यानं बॅकग्राउंडही उतरतो आणि इतर पदार्थांचा त्रासही (प्रश्न १४).

१२. सेन्सिटिव्हिटी वाढली पण ५ मिलीमोलरच्या वर कर्व्ह वाकतो. दोन्ही मिळणार नाही का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे मान्य करून डिझाइन केलं तर डोकेदुखी कमी. ग्लुकोज ऑक्सिडेजचं केएम २५ मिलीमोलरच्या आसपास, मग ५ ला का वाकतं? कारण ऑक्सिजन संपतो. हवेशी समतोल असलेल्या पाण्यात २५ अंशाला ऑक्सिजन असतो जेमतेम ०.२५ मिलीमोलर, आणि उपाशीपोटी रक्तात ग्लुकोज असतं ५ मिलीमोलरच्या जवळ, म्हणजे वीसपट. एन्झाइम जास्त आणि जोमदार असेल तर फिल्मच्या आतला ऑक्सिजन आधी संपतो.

रक्तातलं ग्लुकोज मोजणाऱ्या सेन्सरवर म्हणूनच मुद्दाम पॉलियुरेथेनसारखा पडदा चढवतात, जो ग्लुकोज अडवतो आणि ऑक्सिजन जाऊ देतो. सेन्सिटिव्हिटी जाणूनबुजून कमी करून रेंज विकत घेतात. उलट घामात किंवा अश्रूत ग्लुकोज एक मिलीमोलरच्याही खाली असतं, तिथे रेंज सोडा आणि चढ घ्या. आधी नमुना कुठला ते ठरवा.

१३. एकच इलेक्ट्रोड, एकच ग्लुकोज स्टॉक, सकाळी चढ कमी आणि संध्याकाळी जास्त. फिल्म फुगतेय का?

मीही फिल्मलाच दोष देत चार दिवस घालवले होते. कारण ग्लुकोजमध्ये आहे. ग्लुकोज ऑक्सिडेज बीटा रूपावरच नीट काम करतं, आणि बाटलीतली पावडर सहसा अल्फा रूपात असते. विरघळल्यावर ते हळूहळू बदलत ३६ टक्के अल्फा, ६४ टक्के बीटा इथे स्थिरावतं, त्याला काही तास लागतात. म्हणून स्टॉक आदल्या दिवशी बनवा, रात्रभर ठेवा, मग वापरा. सोबत तापमानही सांभाळा, खोली तापली तरी एन्झाइमचा वेग बदलतोच.

१४. पेरॉक्साइड मोजताना एस्कॉर्बिक अ‍ॅसिडही सिग्नल देतं. सेन्सिटिव्हिटी न घालवता ते कसं रोखू?

प्लॅटिनमवर ०.६ ते ०.७ व्होल्टला एस्कॉर्बिक अ‍ॅसिड, युरिक अ‍ॅसिड, पॅरासिटामॉल सगळेच ऑक्सिडाइज होतात. इलेक्ट्रोडवर आधी मेटा-फिनिलीनडायअमिनचा अतिपातळ थर इलेक्ट्रोपॉलिमराइज करा, तो पेरॉक्साइड जाऊ देतो आणि मोठ्या रेणूंना अडवतो, आणि थर स्वतःच वाढायचा थांबतो म्हणून जाड होत नाही. नाफिऑन हा पॉलिमर निगेटिव्ह असल्यानं एस्कॉर्बेट आणि युरेटला ढकलतं, पॅरासिटामॉलला मात्र नाही, कारण त्याला चार्जच नसतो. तिसरा मार्ग प्रशियन ब्लूचा (लोखंडाचं निळं संयुग), त्यावर पेरॉक्साइड ० व्होल्टच्या आसपासच मोजता येतं. पण पीएच ७ च्या वर ते हळूहळू विरघळतं, तेव्हा किती तास टिकतंय ते आधी मोजून ठेवा.

१५. दोन आठवड्यांत सेन्सिटिव्हिटी निम्मी. एन्झाइम मेलं की गळालं?

ज्या बफरमध्ये इलेक्ट्रोड ठेवला होता त्या बफरची अ‍ॅक्टिव्हिटी तपासा. तिथे एन्झाइम सापडलं तर गळालं (प्रश्न ९), नाही सापडलं तर बहुधा फिल्ममध्येच मेलं. आणि मग थेट पेरॉक्साइडची चाचणी पुन्हा करा, कारण कधीकधी एन्झाइम ठणठणीत असतं आणि इलेक्ट्रोड मळलेला असतो. पेरॉक्साइड स्वतःच ग्लुकोज ऑक्सिडेजला मारतं, म्हणून वापर झाल्यावर सेन्सर ग्लुकोजमध्ये पडू देऊ नका, धुवून ४ अंशाला ठेवा.

प्रश्न ३ मध्ये डिफ्यूजनवर अडलेली फिल्म म्हणजे वाया गेलेलं एन्झाइम असं वाटलं असेल, तर इथे तिची दुसरी बाजू. तिच्यात राखीव साठा असतो, निम्मं एन्झाइम मेलं तरी सिग्नल जवळपास तसाच राहतो. महिनोन् महिने चालवायचा सेन्सर असेल तर मी मुद्दाम असाच बनवतो.

१६. आमचा युरिएजचा सेन्सर पीएच मोजतो. पोरस फिल्मनं चढ वाढेल का?

इथे बहुतेक सल्ले उलटे पडतात. युरिएज युरियापासून अमोनिया बनवतं, पीएच वर जातो, आणि तुमचा बफर तो बदल गिळून टाकतो. ५० मिलीमोलर बफरमध्ये जो बदल दिसतच नाही तो १ मिलीमोलरमध्ये स्पष्ट दिसतो. म्हणून आधी बफर पातळ करा, फिल्म नंतर. अडचण अशी की खऱ्या नमुन्याची बफर ताकद दर वेळी वेगळी असते, त्यामुळे कॅलिब्रेशनही नमुन्यागणिक हलतं.

अमोनियम आयन इलेक्ट्रोड वापरला तर हा प्रश्न टळतो, पण मग चढाला नर्न्स्ट समीकरणाची मर्यादा येते, २५ अंशाला दर दहापटीला ५९ मिलीव्होल्ट. पोरस फिल्म तिच्या वर नेऊ शकत नाही, फार तर खालची मर्यादा आणखी खाली नेईल. आणि नॉनॅक्टिनवाला (अमोनियम पकडणारा) पडदा पोटॅशियमलाही प्रतिसाद देतो, ते वेगळं वजा करावं लागतं.

१७. कीटकनाशक मोजणारा अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेजचा सेन्सर बनवतोय. जास्त छिद्रं, जास्त एन्झाइम, जास्त सेन्सिटिव्हिटी, बरोबर?

नेमकं उलटं, आणि इथे बरीच मेहनत वाया जाताना मी बघितलीये. या सेन्सरमध्ये एन्झाइम किती काम करतं ते नाही, कीटकनाशकानं त्यातलं किती बंद पाडलं ते मोजायचं असतं. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाचा एक रेणू एन्झाइमची एक जागा बंद करतो. एन्झाइम भरपूर असेल तर थोड्याशा कीटकनाशकानं मेलेले रेणू त्या राखीव साठ्यात दिसतच नाहीत, सिग्नल जागचा हलत नाही. प्रश्न १५ मध्ये ज्या साठ्याचं मी कौतुक केलं तोच इथे आड येतो.

तेव्हा एन्झाइम इतकंच ठेवा की सिग्नल नॉइजच्या वर नीट वाचता येईल, त्याहून जास्त नाही. फिल्म पातळ, छिद्रं मोठी. सबस्ट्रेट (एन्झाइम ज्याच्यावर काम करतं तो पदार्थ) मात्र भरपूर द्या म्हणजे करंट जिवंत एन्झाइमच्या प्रमाणातच राहील. कीटकनाशकासोबत भिजवायचा वेळ वाढवला की सेन्सिटिव्हिटी वाढते, १० मिनिटांची ३० केली तरी फरक दिसतो, फक्त तो वेळ कॅलिब्रेशनला आणि नमुन्याला काट्यावर सारखाच ठेवा. आणि प्रश्न ३ मधली अर्ध्या एन्झाइमची चाचणी इथेही करा, पण उत्तर उलटं वाचा: एन्झाइम निम्मं केल्यावर चढ निम्मा झाला नाही तर फिल्ममध्ये एन्झाइम अजून जास्त आहे, आणखी कमी करा.